साडेपाचाचे सहा

वैजयंता ओव्हाळच्या तोंडून 'झालं' हा शब्द काढणं म्हणजे महाकठीण काम. प्रोग्रॅम झाला का असं विचारलं की ती म्हणायची, "लिहिलाय सर. तपासायचाय." दोन दिवसांनी पुन्हा विचारलं की, "तपासलाय. एकदा परत बघते." मला तिचा राग यायचा. आज सांगायला लाज वाटते, पण यायचा.

ही अठ्ठ्याण्णव सालच्या सुरुवातीची गोष्ट. भाईंदर पूर्वेला, एका फरसाणवाल्याच्या डोक्यावरच्या खोलीत माझी कंपनी होती. कंपनी म्हणजे दोन कम्प्युटर, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि दारावर माझ्या नावाची पाटी. शाळांच्या मार्कशीट, दवाखान्यांच्या पेशंटच्या याद्या, असले प्रोग्रॅम आम्ही करून द्यायचो. आम्ही म्हणजे खरं तर वैजयंता. मी गिऱ्हाइकांना तारखा द्यायचो आणि तिच्या मागे लागायचो.

तिचे वडील कोंडिराम मूळचे परभणीकडचे. बांधकामावर घमेली वाहत ते भाईंदरला आले आणि नवघरच्या एका चाळीत राहिले. लेक पहिलीत गेली तेव्हा तिच्याच पाटीवर त्यांनी अक्षरं गिरवायला घेतली. ती चौथीत जाईपर्यंत बापाला मराठी वाचता येऊ लागलं होतं आणि तिने डिप्लोमा केला तोवर इंग्रजी अक्षरंही एकेक करून लागू लागली होती. पस्तिशीनंतर वाचायला शिकलेला हा माणूस पुढे मजुरांचा मुकादम झाला, कारण टोळीत हजेरीचं बुक लिहिणारा तोच एकटा होता. मला भेटले की "जय भीम साहेब" म्हणायचे आणि दारावरची पाटी दर वेळी नव्याने वाचायचे. एकदा तिच्यातली वेलांटीची चूकही त्यांनी मला दाखवली होती. मी ती दुरुस्त केली नाही.

बापाचा तो गुण लेकीत उतरला होता. दुसऱ्याने लिहिलेला कोड ती पडद्यावर वाचायचीच नाही. त्याची प्रिंट काढायची, कानावरची पेन्सिल हातात घ्यायची आणि ओळ न् ओळ बोटाखालून घालायची. कागद किती जातो म्हणून मी कुरकुर करायचो.

जानेवारीत पश्चिमेकडच्या मोर्वा गावाच्या पलीकडे, खाडीच्या तोंडाशी एक उघाडी बांधायचं काम निघालं. उघाडी म्हणजे भरतीचं पाणी अडवणारा आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडणारा दरवाजा. त्याच्या पायासाठी दोन पुरुष खोल खड्डा घेतला होता आणि खाडीच्या बाजूने वाळूच्या गोण्यांचा बांध घातला होता. ओहोटीला खड्ड्यात उतरायचं आणि भरतीचं पाणी बांधाच्या माथ्याला लागायच्या आत वर यायचं, अशी कामाची रीत. आठ मजूर आणि मुकादम कोंडिराम, सगळे मराठवाड्यातले. समुद्र त्यांनी पाहिला तोच पोट भरायला इकडे आल्यावर. कधी उतरायचं आणि कधी वर यायचं, याचा महिन्याभराचा कागद साइटवरचा इंजिनीअर निकेतभाई याला हवा होता. कोंडिराम त्याला म्हणाले होते, "माझी लेक काढून देईल कंप्युटरवर." असं ते काम आमच्याकडे आलं.

भरतीचं गणित सोपं नसतं. चंद्र ओढतो, सूर्य ओढतो, किनारा आपल्या परीने अडवतो. ते सगळं आम्ही लिहायला बसलो असतो तर वर्ष गेलं असतं. पण नॉर्वेतल्या एका प्राध्यापकाने ते लिहून इंटरनेटवर मोकळं ठेवलं होतं. कोणीही घ्या, वापरा, बदला. अशा तयार कोडला लायब्ररी म्हणतात. ती आपल्या प्रोग्रॅमला जोडायची, बंदराचे आकडे द्यायचे, तारीख द्यायची, की भरतीची वेळ हातात. 'ओपन सोर्स' हा शब्द तेव्हा आमच्या कानावर आला नव्हता. मी त्याला सरळ फुकटचा कोड म्हणायचो. टेलिफोन लाइनवरून तो उतरवायला अर्धा दिवस लागला.

त्याच्यासोबत परवान्याची एक फाइल होती, सगळी कॅपिटल अक्षरांत. वैजयंताने मला ती वाचून दाखवली. "सर, यात म्हटलंय की या कोडची कसलीही हमी नाही. चुकला तर जबाबदारी वापरणाऱ्याची."

"धर्माच्या गाईचे दात मोजू नकोस," मी म्हणालो.

"मग निदान प्रिंट काढून वाचून घेऊ का? दोनशे पानं होतील."

"दोनशे पानं? रिबन काय तुझा बाप आणून देणार?"

हे मी बोललो. शब्द न् शब्द असाच. तिने फाइल बंद केली.

पहिला कागद निघाला तो तिने सरकारी छापील पुस्तकाशी ताडून पाहिला. त्या पुस्तकात मुंबईच्या अपोलो बंदराच्या नुसत्या पूर्ण भरतीच्या वेळा होत्या आणि आमच्या वेळा त्यांच्यापेक्षा बरोब्बर अर्धा तास उशिराच्या येत होत्या. ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"खाडी आहे ती," मी म्हणालो. "पाणी आत शिरायला वेळ लागणारच."

"पण सर, आकडे आपण अपोलो बंदराचेच दिलेत. खाडीचे दिलेच नाहीत. मग उत्तरही पुस्तकातलंच यायला हवं ना?"

ती बरोबर बोलत होती, आणि ते मला त्याच क्षणी कळलं होतं. पण निकेतभाईचे दोन फोन येऊन गेले होते आणि साइटवर मी पाऊलसुद्धा ठेवलं नव्हतं. "चालतंय ना? मग दे," मी म्हणालो. "पाणी बांधाला लागायच्या अर्धा तास आधी वर यायचं असं लाव, म्हणजे झालं."

'झालं' हा शब्द माझा होता. तिने कागद दिला.

पहिले दिवस भांगाचे होते, म्हणजे पाणी कमी चढण्याचे. तेव्हा खाडी बांधाच्या माथ्यापर्यंत पोचतच नव्हती, त्यामुळे अर्धा तास इकडे काय आणि तिकडे काय. कोंडिराम त्या एकुलत्या एका कागदाची घडी सदऱ्याच्या खिशात ठेवायचे आणि मजुरांना वेळ वाचून दाखवायचे. साइटचा राखणदार जानू हा तिथला जुना कोळी. तो म्हणायचा, "मुकादम, तुमचा कागद पान्याच्या मागं चालतो हाय." त्यावर कोंडिराम हसून म्हणायचे, "काका, तुमचं वय मोठं. पर हे लेकीनं काढलंय." यानंतर त्यांच्यापाशी वाद नसायचा.

मग पौषातली अमावस्या आली. उधाणाचा दिवस. कागदावर लिहिलं होतं, पूर्ण भरती साडेबाराला, दहाला खड्डा रिकामा करायचा.

सव्वानऊला जानूची बायको इंदुबाई मासळीची पाटी घेऊन जिन्याखाली बसायला आली. वैजयंता रोज तिच्याशी दोन शब्द बोलायची. त्या दिवशी इंदुबाईच म्हणाली, "पोरी, म्हातारा बोलतो तुझा कागद चुकीचा हाय. अवसेला भरती बाराला. माझ्या आजेसासूच्या वख्तापासून बाराला."

"रोजची कशी काढता तुम्ही?"

"तिथीची पाऊनपट. चवथीला तीन, आठमीला सहा, अवस-पुनवेला सरळ बारा. त्यात काय शिकायचं?"

वैजयंता दोन-दोन पायऱ्या चढत वर आली. भिंतीवरचं कॅलेंडर तिने खिळ्यासकट ओढून काढलं, आमचा कागद शेजारी ठेवला आणि तिथीमागून तिथी पाऊणपट करत सुटली. मी विचारलं, हे काय चाललंय? तिचं बोट पुढच्या तिथीवर गेलं. कोळ्यांचा हिशेब ढोबळ, त्यामुळे फरक कुठे वीस मिनिटांचा, कुठे चाळीसचा. पण आमची वेळ दर वेळी उशिराचीच. एकही दिवस आधीची नाही.

"ढोबळ चूक असती तर दोन्हीकडे पडली असती," ती म्हणाली. "ही एकाच बाजूला पडतेय, सर."

तिने तो फुकटचा कोड पडद्यावर उघडला. दोनशे पानांतलं काय बघायचं हे आता तिला माहीत होतं: अर्धा तास कुठून आला. चार-पाच मिनिटं गेली असतील. मग तिने पडद्यावर बोट ठेवलं. जगाच्या घड्याळापेक्षा आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे, म्हणून तिने साडेपाच हा आकडा दिला होता. प्राध्यापकाच्या डोक्यात पूर्ण तासांचेच देश. कोड आलेला आकडा जवळच्या पूर्ण आकड्यात बदलून घेत होता आणि चकार शब्द काढत नव्हता. साडेपाचाचे सहा.

म्हणजे भरती साडेबाराला नव्हे, बाराला. पाणी बांधाच्या माथ्याला साडेदहाला नव्हे, दहाला. जो अर्धा तास आम्ही हाताशी राखून ठेवला होता, तोच नेमका आम्ही गिळला होता.

भिंतीवरच्या घड्याळात नऊ पंचवीस झाले होते. "अप्पा खड्ड्यात आहेत," वैजयंता म्हणाली.

साइटवर फोन नव्हता. निकेतभाईच्या पेजरवर निरोप टाकला, पण खाडीच्या तोंडाशी पेजर कुठला वाजतोय. मी स्कूटर काढली. रेल्वेचं फाटक बंद. पूर्वेकडून पश्चिमेला जायला तेव्हा ते एकच जवळचं. एक मालगाडी अशी सावकाश चालली होती की मी तिच्या ड्रायव्हरला नाही नाही ते बोललो. वैजयंता मागे बसली होती. तिने माझा शर्ट मुठीत धरला होता.

फाटक उघडलं तेव्हा माझ्या घड्याळात नऊ अडतीस. मोर्व्याच्या पुढे रस्ता संपतो आणि मिठागरांचे बांध लागतात. बांधावर स्कूटर घसरली. मी ती उचलेपर्यंत वैजयंता चपला टाकून पळत सुटली होती. मी तिच्यामागे धावलो, पण माझा दम अर्ध्यातच गेला. दोन्ही बाजूंना मिठाचे पांढरे ढीग आणि पुढे ती. खाडी समोर दिसत होती, काठोकाठ.

मी पोचलो तेव्हा पाणी गोण्यांच्या माथ्याला चार बोटं कमी होतं. दोन गोण्यांच्या फटीतून एक धार आत पडत होती. जानू बांधावर उभा राहून ओरडत होता, "वर या रे! पानी कोनाची वाट न्हाय बघत!" निकेतभाई त्याला हात करत होता. "अरे चाचा, मुकादम बोला ना दस बजे! अभी दस मिनट है. थोडासा काँक्रीट बाकी है."

खाली नऊ माणसं. एकच बांबूची शिडी. पायाचं काँक्रीट अर्धवट सोडलं की तिथे सांधा राहतो आणि पुढे तिथूनच पाणी झिरपतं, म्हणून ती शेवटची चार घमेली संपवायची त्यांची घाई चालली होती. वैजयंता कडेला पालथी पडून खाली ओरडली, "अप्पा, वर या! सगळ्यांना वर घ्या!"

कोंडिरामांनी वर पाहिलं. लेकीला तिथे बघून ते हसले. खिशावर हात ठेवून म्हणाले, "दहाला अजून येळ हाय ना वैजू. तुझाच कागद हाय."

"कागद चुकलाय अप्पा! माझा कागद चुकलाय!"

ते हसू त्यांच्या तोंडावर तसंच राहिलं. मला वाटतं, एवढ्या वर्षांत छापलेल्या अक्षरावर त्यांनी पहिल्यांदाच संशय घेतला असेल, आणि तोही तिच्या अक्षरावर. असा किती वेळ गेला? दोन श्वास. मग ते वळले आणि टोळीवर खेकसले, "घमेली टाका! चढा! आधी बबन, मग तू, चढ!"

एकेक माणूस वर येऊ लागला. जानू आणि मी हात देत होतो. पाचवा शिडीवर असताना पाणी गोण्यांवरून आलं. सातवा वर आला आणि मधली गोणी सरकली, मग तिच्या शेजारची. त्यानंतर बांध उभा राहिलाच नाही. पाणी आत कोसळलं ते आवाजासकट. आठव्याला आम्ही बगलेत धरून ओढला. कोंडिराम शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होते आणि शिडी त्यांच्यासकट आडवी झाली.

जानूने कमरेचा दोर सोडून खाली फेकला आणि "धर मुकादम, धर!" म्हणत स्वतः कडेवर आडवा झाला. गढूळ पाण्यात एक हात वर आला, दोराला लागला, सुटला, परत लागला. आम्ही सहाजणांनी ओढलं. कोंडिराम वर आले ते चिखलाने भरलेले, खोकत, एका पायातून रक्त येत असलेले. जिवंत. वैजयंताने त्यांचं डोकं छातीशी धरलं आणि मग ती रडली, मोठ्याने, चारचौघांत.

निकेतभाईचा चेहरा पांढरा पडला होता, आणि घाबरलेला माणूस ओरडतो तसा तो ओरडायला लागला. "किसकी गलती है? मेरे नौ आदमी मर जाते! वो पेपर किसने बनाया?"

मी तोंड उघडायला हवं होतं. पेपर माझ्या कंपनीचा. प्रिंट काढू दिली नाही मी. "मग दे" म्हणणारा मी. त्या क्षणी माझ्या डोक्यात काय आलं ते खरं सांगतो: माझं नाव जाईल, पोलीस येतील, उद्यापासून मला कोण काम देईल. मी माझ्या बुटांवरचा चिखल बघत राहिलो.

"चूक माझ्या..." वैजयंताने सुरुवात केली.

"वैजू!" कोंडिरामांनी तिचं मनगट आवळलं. मग खिशातून तो कागद काढला. भिजून त्याचा लगदा झाला होता. तो त्यांनी मुठीत पिळला आणि निकेतभाईला म्हणाले, "साहेब, कागदावर साडेनऊच होतं. म्याच दहा वाचलं. मला कुठं नीट वाचता येतं?"

हजेरीचं बुक लिहिणारा, माझ्या पाटीतली वेलांटीची चूक काढणारा माणूस सगळ्या टोळीदेखत म्हणाला की मला वाचता येत नाही.

"अनपढ को कागज दोगे तो यही होगा," असं म्हणून निकेतभाई निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून मुकादमी दुसऱ्याकडे गेली. पाय बरा झाल्यावर कोंडिराम त्याच साइटवर पुन्हा घमेली उचलायला लागले.

वैजयंताने त्याच दिवशी कोड दुरुस्त केला, दोनशे पानांची प्रिंट काढली आणि शेवटच्या पानापर्यंत वाचली. नवा कागद तिने स्वतः साइटवर नेऊन दिला. सोबत निकेतभाईला लेखी कळवलं की चूक वडिलांची नव्हती, प्रोग्रॅमची होती. निकेतभाईने चिठ्ठी वाचली आणि म्हणाला, "बाप को बचा रही है. अच्छी लडकी है." चिठ्ठी परत दिली.

ती माझ्या टेबलाशी आली. "सर, माझ्यावर त्यांचा विश्वास बसत नाही. तुम्ही सांगितलंत तर बसेल."

"बघतो," मी म्हणालो. दोनदा असंच म्हणालो. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही.

तिने मग नॉर्वेच्या त्या प्राध्यापकाला ईमेल लिहिली. चूक काय, ती कुठल्या ओळीत आणि दुरुस्ती काय, हे सगळं बारकाईने. अशा मोकळ्या कोडच्या जगात एक रीत आहे. चूक शोधून देणाऱ्याचं नाव पुढच्या आवृत्तीत आभारांच्या यादीत छापतात. जूनमध्ये नवी आवृत्ती आली. त्या यादीत भारतातलं एकच नाव होतं आणि ते वैजयंताचं नव्हतं. पत्राखाली तिने बापाचं नाव घातलं होतं. 'कोंडिराम ओव्हाळ, भाईंदर. अर्ध्या तासाच्या देशांची चूक यांनी दाखवली.'

ते पान छापून मी नवघरला घेऊन गेलो. का गेलो, कोण जाणे. थोडं बरं वाटेल म्हणून असेल. वैजयंता घरी नव्हती. कोंडिराम कामावरून येऊन उंबऱ्याशी बसले होते. त्यांनी हात धुतले, पुसले, पान मांडीवर घेतलं आणि इंग्रजी अक्षरांखालून बोट सरकवत स्वतःचं नाव वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं.

"हे साऱ्या जगात जातंय?"

"हो. जो कोणी हा कोड घेईल त्याच्याकडे."

"आन् काय लिवलंय? म्या काय केलं म्हणून?"

"चूक तुम्ही दाखवलीत, असं लिहिलंय."

त्यांनी बोट यादीच्या वरच्या टोकाला नेलं आणि सावकाश एकेक नाव वाचत खाली आले, शेवटपर्यंत. कुठलंही नाव त्यांनी सोडलं नाही. पान नीट घडी करून बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, टोमणाही नव्हता. नुसतं विचारायचं म्हणून विचारलं.

"साहेब, तुमचं नाव कुठं लिवलंय?"

"कुठेच नाही," मी म्हणालो.